‘असंच’ : रोजच्या आनंदाविषयी थोडं तत्त्वचिंतन



रोजच्या जगण्यातला आनंद, म्हणजे चांगलंचुंगलं खाणं, कुठेतरी फिरून येणं, नाटक पाहणं, गाणं ऐकणं, यावर तत्त्वज्ञानाच्या माणसांनी काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात ज्ञान, सत्य, कर्तव्य, मोक्ष हेच विषय शिकवले. पोह्यांवर व्याख्यान देण्याची वेळ कधी आली नाही. पण वय वाढलं तसं एक गोष्ट लक्षात येत गेली. माणसं मोक्षाविषयी फारशी भांडत नाहीत. ‘एवढ्याशा मजेवर पैसे कशाला घालवले?’ यावरून मात्र घराघरांत रोज भांडणं होतात. म्हणजे प्रश्न लहान नाही.

सुरुवात एका साध्या उदाहरणापासून करू. वरोऱ्याच्या बसस्थानकावर एखादी बाई चंद्रपूरच्या गाडीची वाट पाहत एकटी उभी आहे. ओळखीचं कोणी भेटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठी चालली वो?’ आणि लगेच दुसरा, ‘काऊन?’ या दुसऱ्या प्रश्नाची काही उत्तरं आपल्याकडे चालतात. दवाखाना आहे, कोर्टाची तारीख आहे, लग्न आहे, मयत आहे, लेकीचं बाळंतपण आहे, महाकालीचं दर्शन घ्यायचं आहे. एक उत्तर मात्र चालत नाही. ‘असंच. जरा फिरते, काहीतरी खाते, आणि येते परत.’ हे उत्तर ऐकलं की समोरच्याला वाटतं, ही काहीतरी लपवते आहे.

आजचा आमचा सगळा मुद्दा या ‘असंच’ मध्ये आहे. ‘असंच’ म्हणजे दुसऱ्या कशासाठी नव्हे, त्या गोष्टीसाठीच. आणि आमचं म्हणणं असं की, असं म्हणता येणं ही चैन नव्हे. माणूस म्हणून जगण्याचा तो एक भाग आहे, आणि तो भाग समाजात सगळ्यांना सारखा मिळत नाही.

आधी शब्द जरा तपासून घेऊ. मराठीत मौज, मजा, गंमत, हौस, चैन, सुख, आनंद असे कितीतरी शब्द आहेत. पण यातले काही शब्द उच्चारताना आपला आवाज बदलतो. ‘चैन’ म्हटलं की त्यात ठपका असतोच. ‘हौसेला मोल नसतं’ असं आपण म्हणतो खरं, पण ते कधी म्हणतो? घरात लग्न असतं तेव्हा. सणावाराला, बारशाला, डोहाळजेवणाला हौस चालते. साध्या मंगळवारी, काहीही निमित्त नसताना केलेली हौस चालत नाही. आनंदाला आपण परवानगी देतो, पण त्याच्या हातात कारणाचा दाखला लागतो.

आता यामागचा विचार पाहू. आपण जे करतो त्यातलं बहुतेक कशाच्या तरी ‘साठी’ असतं. शिक्षण नोकरीसाठी, नोकरी पैशासाठी, पैसा घरासाठी, घर मुलांसाठी, मुलांचं शिक्षण पुन्हा नोकरीसाठी. ही साखळी कुठेतरी संपली पाहिजे ना? ज्याला ‘हे कशासाठी?’ असं विचारण्याची गरज उरत नाही, असं काहीतरी असल्याशिवाय बाकीच्या सगळ्या ‘साठीं’ना अर्थच राहत नाही. हा विचार अ‍ॅरिस्टॉटलने मांडला. त्याच्या नीतिशास्त्राच्या दहाव्या भागात सुखाविषयी फार नेमकं विवेचन आहे. तो म्हणतो की सुख ही कृतीच्या शेवटी मिळणारी मजुरी नाही. कृती उत्तम चाललेली असली की तिच्यातच सुख येतं आणि तिला पूर्ण करतं. तारुण्यावर जशी टवटवी येते तसं. चांगलं विणणाऱ्याला विणतानाच सुख असतं. साडी विकली गेल्यावर मिळतो तो पैसा.

पुढे १७९० मध्ये कांटने सौंदर्याविषयी लिहिताना म्हटलं की सुंदर वस्तूचा आनंद हितसंबंधांपासून मोकळा असतो. ती वस्तू माझ्या मालकीची आहे का, माझ्या उपयोगाची आहे का, हे प्रश्न तिथे गळून पडतात. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या १९७४ च्या ग्रंथात कांटची ही मांडणी फार बारकाईने तपासली आहे. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी तो ग्रंथ जरूर वाचावा. आज आपल्याला एवढंच पुरे की आपल्या बोलीतलं ‘असंच’ आणि कांटचा निरपेक्ष आनंद हे एकमेकांचे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत.

इथे कोणीतरी म्हणेल, हे सगळं पाश्चात्त्यांचं झालं. आपली परंपरा तर वैराग्य शिकवते. हे अर्धंच खरं आहे. तैत्तिरीय उपनिषद काढून पाहा. त्यात आनंदाची चक्क मोजदाद आहे. मोजमापाचा पहिला एकक कोणता घेतला आहे? एक तरुण, सुशिक्षित, धडधाकट, बळकट, आणि धनधान्याने भरलेली सगळी पृथ्वी त्याची. त्याचा आनंद म्हणजे एक मानवी आनंद. तिथून शंभर शंभर पटीने वरच्या पायऱ्या. गंमत अशी की वरच्या प्रत्येक पायरीवर उपनिषद एक वाक्य परत परत सांगतं. तेवढाच आनंद वासनेचा तडाखा न बसलेल्या जाणत्या माणसालाही असतो. म्हणजे उपनिषदाचा झगडा आनंदाशी नाही, हव्यासाशी आहे.

त्याच उपनिषदात भृगूची कथा आहे. तो बापाला, वरुणाला, विचारतो की ब्रह्म म्हणजे काय. बाप म्हणतो, तप करून शोध. त्याला आधी सापडतं अन्न. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि शेवटी आनंद. आपल्याला वाटेल की आनंदापर्यंत पोचल्यावर अन्नाची पायरी मागे पडली. तसं होत नाही. लगेच पुढे व्रतं सांगितली आहेत. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न भरपूर पिकवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. शिखरावर पोचलेल्याला उपनिषद परत स्वयंपाकघरात आणि शेतात पाठवतं.

आता खाण्याकडे येऊ. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात ‘रस म्हणजे काय’ हा प्रश्न आला, तेव्हा भरतमुनींनी दाखला दिला तो जेवणाचा. निरनिराळ्या व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न खाताना चांगल्या मनाचे लोक जसे रस चाखतात आणि आनंद पावतात, तसा प्रेक्षक नाटकातले भाव चाखतो. नाटक समजावण्यासाठी जेवण वापरलं, हे लक्षात घ्या. आणि त्यातला ‘सुमनस्’ हा शब्दही लक्षात घ्या. ताटात काय आहे एवढ्याने काम भागत नाही. खाणाऱ्याचं मन जागेवर हवं.

आपल्या भागात मन जागेवर ठेवायला लावणाऱ्या गोष्टी थोड्या नाहीत. पावसाळ्यात बाजारात वास्ते येतात, म्हणजे बांबूचे कोंब. सात्या येतात, त्या तर चार दिवसांच्या पाहुण्या. जंगलात उगवल्या, टोपलीत आल्या आणि संपल्या. हिवाळ्यात शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. वर चिरलेला सांभार. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना आधी समजावून सांगावं लागतं की आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, ते इडलीबरोबरचं नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुलं वेचायची, मग टेंभरं, मग चारं. या सगळ्यात महाग असं फारसं काही नाही. पण प्रत्येकाला वेळ आहे, ऋतू आहे, आणि ते चुकलं तर वर्षभर थांबावं लागतं. हे थांबणंसुद्धा चवीचाच भाग आहे.

एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव सुखवादी म्हणून बदनाम झालेलं आहे. लोकांना वाटतं, तो खाऊनपिऊन लोळणारा असेल. प्रत्यक्षात तो भाकरीपाण्यावर खूश असे. मित्राला त्याने कळवलं होतं की थोडंसं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मला मेजवानी करता येईल. अथेन्सजवळ त्याची एक बाग होती आणि त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. ही बाग लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

सुख आणि तलफ यांत फरक कसा करायचा, हे एपिक्युरसने सांगितलं. आम्हाला त्यासाठी आपल्या चौकातलं उदाहरण पुरतं. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसातून किती वेळा तोंडात जातो, ते खाणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही हीच खूण आहे. मागच्या वर्षी खाल्लेल्या सात्यांची चव तुम्हाला आठवते. काल दुपारी तीन वाजता खाल्लेला खर्रा आठवत नाही. जो आनंद लक्ष मागतो तो माणसाला भरतो. जो लक्ष नसतानाच चालतो तो त्याला हळूहळू रिकामा करतो. ‘असंच खातो’ असं खर्रा खाणाराही म्हणतो, पण त्याचं ‘असंच’ खोटं आहे, कारण न खाण्याची मोकळीक त्याला उरलेली नसते.

दारूविषयीही एक शब्द. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. या काळात बंदी असावी की नसावी, यावर भरपूर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ज्या बायांनी त्यासाठी लढा दिला त्यांच्या घरात ती बाटली काय करते, हे त्यांना ठाऊक होतं. पण दुसरा एक प्रश्न आमच्या ऐकण्यात फार थोड्या वेळा आला. खाणीतून पाळी संपवून आलेल्या माणसाने संध्याकाळी सहा ते नऊ करायचं काय? बसायला बाक, वाचायला वाचनालय, मुलांना घेऊन जायला बाग, बघायला नाटक आहे का? वाईट सुखाची दुकानं बंद करणं हे अर्धं काम झालं. चांगल्या सुखाची दारं उघडणं हे उरलेलं अर्धं.

आता फिरण्याकडे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायांना अर्धं तिकीट. या योजनांचा तिजोरीवर पडणारा भार वगैरे चर्चा अर्थशास्त्राच्या लोकांनी करावी. आम्हाला त्यातली एक गोष्ट तत्त्वज्ञानाची वाटते. तिकीट अर्धं झालं की ‘काऊन?’ या प्रश्नाचं वजनही निम्मं होतं. पूर्ण तिकिटाला कारण लागतं, अर्ध्या तिकिटाला तेवढं लागत नाही. कितीतरी बाया आता माहेरी जाऊन संध्याकाळी परत येतात. दोघीतिघी मिळून भद्रावतीला जातात. वीस-बावीस किलोमीटरवर जैन मंदिर आहे, भद्रनाग आहे, विजासनची बौद्ध लेणी आहेत. एकाच गावात तीन परंपरांची घरं. देवदर्शनाचं निमित्त सांगून निघालेली बाई लेण्यांच्या सावलीत दहा मिनिटं नुसती बसते. ती दहा मिनिटं तिची स्वतःची असतात.

चंद्रपूर शहराचंही तसंच. आपण तिथे कामाला जातो आणि काम झालं की परत फिरतो. जटपुरा दरवाजातून हजारदा गेलेल्या माणसाला विचारा, त्याच्या कमानीवर काय कोरलं आहे? बहुतेकांना सांगता येत नाही, कारण तिथून जाताना आपलं लक्ष वाहनांवर असतं. गोंड राजांच्या त्या कोटाचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. राणी हिराईने आपल्या नवऱ्याची, बीरशहाची, बांधलेली समाधी अंचलेश्वराजवळ आहे. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी परकोटाच्या भिंतीवरची झाडंझुडपं आणि कचरा काढायला सुरुवात केली, आणि रोज सकाळी राबून त्यांनी ती भिंत लोकांना परत दाखवली. त्यांनी नवीन काही बांधलं नाही. होतं तेच दिसू लागलं. रोजच्या आनंदाचंही बऱ्याच अंशी असंच असतं. नवी वस्तू आणावी लागत नाही, आहे त्याच्यावरचं झुडूप काढावं लागतं.

तिसरी गोष्ट कलेची. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेला, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे आणि पलीकडे गडचिरोली, भंडारा, गोंदियात भाताचा मुलूख लागतो. तिथे झाडीपट्टीची रंगभूमी आहे. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिचं केंद्र. धान कापून झालं, दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्री नाटक. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकीजावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं, त्यातच सोयरिकीही जुळतात. या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांतल्या अनेकांना असं काही नाटक असतं हे पहिल्यांदा कळलं. गावातल्या माणसाला ते सांगावं लागत नव्हतं. ज्याच्या अंगावर कर्ज आहे, ज्याचं धान यंदा कमी झालं आहे, तोही तिकीट काढून थंडीत घोंगडी पांघरून बसतो. त्याला कोणी म्हणू नये की आधी कर्ज फेड, मग नाटक बघ. तसं म्हटलं तर त्याचं नाटक या जन्मी यायचंच नाही.

इथे आपण मुख्य प्रश्नाशी आलो. आनंद हा गरजा भागल्यानंतरचा मजला आहे का? आधी पोटोबा हे खरंच आहे. उपाशी माणसाला सौंदर्यशास्त्र सांगणं हा निर्दयपणा आहे. पण ‘आधी गरजा, मग आनंद’ हा नियम आपण स्वतःला क्वचितच लावतो. लावतो तो दुसऱ्यांना. गरिबाने मोबाइल घेतला, मजुराने पोराला आइस्क्रीम दिलं, मोलकरणीने लिपस्टिक लावली की आपल्याला त्यांच्या गरजा आठवतात.

या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर याच गावाच्या वेशीबाहेर आहे. बाबा आमटे वरोऱ्यातले वकील. तरुणपणी त्यांना शिकारीचा, मोटारीचा, सिनेमाचा शौक होता. इंग्रजी मासिकासाठी ते चित्रपटांची परीक्षणंही लिहीत. म्हणजे ‘असंच’ काय असतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. १९४९ मध्ये त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, गावाबाहेरच्या माळरानावर कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी केली, आणि तिचं नाव ठेवलं आनंदवन. सेवाश्रम नाही, रुग्णालय नाही, अनाथालय नाही. एपिक्युरसची बाग आठवा, असं आम्ही मघाशी म्हणालो ते यासाठी.

त्या काळी कुष्ठरोग्याला समाज काय देत होता? भाकरी देत होता, पण लांबून टाकून. पोट भरत होतं, म्हणजे ‘गरज’ भागत होती. पण फेकलेल्या भाकरीला चव नसते. बाबांचं सगळं जीवन या दानाच्या विरोधात उभं राहिलं. त्यांनी रोग्यांच्या हाती कुदळ दिली. शेती झाली, विहिरी झाल्या, पुढे माग आले, सुतारकाम आलं. लग्नं झाली, घरं झाली. काम हे तिथे शिक्षा नव्हतं, अ‍ॅरिस्टॉटलच्या अर्थाने चांगली चाललेली कृती होतं, आणि आनंद त्या कृतीत आला.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. आनंदवनात भाजी पिकू लागली, तेव्हा सुरुवातीला ती गावात कोणी घेईना. भाजी ताजी होती, पण पिकवणारे हात लोकांना नको होते. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रोग्यांबरोबर राबले, त्यांच्याबरोबर जेवले. ते पाहून गावाची भीड हळूहळू चेपली आणि लोक भाजी घेऊ लागले. म्हणजे भीतीने रोग्यांचा आनंद हिरावला होता, तसा गावाचाही हिरावला होता. चव जिभेवर असते असं आपण समजतो. ती पिकवणाऱ्याच्या हाताबद्दल वाटणाऱ्या विश्वासातही असते.

कुष्ठरोगात मज्जातंतूंवर आघात होतो आणि हातापायांची संवेदना जाते. गरम पेला हातात धरला तर हात भाजतो आणि कळत नाही. रोजच्या आनंदाचा पहिला दरवाजा म्हणजे स्पर्श, तोच बंद. अशा माणसांच्या, अंध-अपंग कलाकारांच्या साथीने विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याने महाराष्ट्रभर कार्यक्रम केले. ते ऐकायला गेलेल्यांना सुरुवातीला दया वाटत असेल. पण गाणं जमून आलं की दया टिकत नाही. माणूस ताल धरतो, आणि ताल धरताना कोण धडधाकट आणि कोण नाही हे विसरतो. दयेला अंतर लागतं. आनंदात ते राहत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की एखाद्याच्या गरजा भागवणं म्हणजे त्याला जिवंत ठेवणं, आणि त्याच्या आनंदाला जागा देणं म्हणजे त्याला आपल्यातला मानणं.

व्याख्यान संपलं की कोणीतरी विचारतंच, ‘सर, मग नेमकं करायचं काय?’ तत्त्वज्ञानाच्या माणसांना हा प्रश्न अवघड जातो, तरी तीन गोष्टी सांगतो.

पहिली. दिवसातून एक घास तरी मन लावून खा. टीव्ही बंद, फोन उलटा. भरताने सांगितलेलं ‘सुमनस्’ तेवढ्यापुरतं तरी जमेल.

दुसरी. गावाने आपल्या नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे रस्ता, नाली, पाणी मागावंच. त्याच दमात वाचनालय, बाग, रंगमंच आणि संध्याकाळी उशिराची एसटीही मागावी. हे मागताना लाजू नये.

तिसरी गोष्ट घरातली आहे, आणि आमच्या मते सगळ्यात अवघड. आपल्या बहुतेक घरांत भाकरी थापणारी बाई शेवटी जेवते. तव्यावरची फुगलेली गरम भाकरी तिने आयुष्यात हजारो वेळा दुसऱ्याच्या ताटात टाकलेली असते. स्वतः खाते ती शेवटची, बरेचदा गार. आठवड्यातून एक दिवस तिला आधी बसवा. भाकरी तुम्हाला येत नसेल तर शिका, वाकडी झाली तरी चालेल. आणि तिने विचारलं, ‘आज काऊन?’ तर कारण शोधत बसू नका. वाढदिवस नाही, सण नाही. म्हणा, ‘असंच.’

आता तुमचे प्रश्न घेऊ.